चक्कीवरची मांजर: नसबंदी करावी का, कधी आणि कुठे

आमच्या उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर भुरी नावाच्या मांजरीची पिल्लं लिहिलेली आहेत. ३ वर्षांत ७ वेळा व्यायली, एकूण २६ पिल्लं. पहिल्या ओळीत मी हौसेनं रंगसुद्धा लिहिलेत: दोन भुरी, एक काळं, एक पांढऱ्या पायांचं. चौथ्या ओळीपासून नुसता आकडा आहे. २६ पैकी ५ जगली. दोन आमच्याकडेच राहिली, तीन ओळखीच्यांनी नेली. बाकीची कुत्र्यांनी नेली, परक्या बोक्यानं मारली, दोन ट्रॅक्टरखाली गेली, काही पावसाळ्यात डोळे चिकटून, हगवण लागून गेली. आणि एक आमच्याच चक्कीच्या पट्ट्यात आलं. एका बाईचं दळण अर्ध्यावर होतं. मी मोटर बंद केली आणि दोन दिवस चक्की उघडलीच नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, आमच्या गावात आमची पिठाची चक्की आहे. सांडलेले दाणे, कोपऱ्यात साचलेलं पीठ, त्यामुळे उंदीर आलेच, आणि उंदरांपायी सासऱ्यांच्या काळापासून इथे मांजर असतेच. दळणाला आलेले लोक आमची मांजर बघतात, तिची नसबंदी केली आहे हे कळलं की मला विचारतात, ऑपरेशन केलं ते बरं असते का? मी त्यांनाच विचारते, होणारी पिल्लं कुठे जातील ते ठरलं आहे का? चार घरांची नावं सांगा. ज्यांची नावं तयार असतील त्यांनी खुशाल एक वेत होऊ द्यावा. मला आजवर कुणी चार नावं सांगितली नाहीत. एक नाव सांगतात, दुसऱ्याला अडखळतात.

म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगते. घरची मादी असेल, तब्येतीनं बरी असेल, जवळपास मांजरांचा हात असलेला डॉक्टर असेल आणि पुढचे बारा दिवस घरात लक्ष द्यायला माणूस असेल, तर करा, आणि पहिल्या वेताआधी करा. यातलं एखादं नसेल तर आधी ते जमवा. घाईनं, कुठेही, कुणाच्याही हातून करू नका.

आधी मांजरीचा माज समजून घ्या

गाईचा माज आपल्याला कळतो. २१ दिवसांनी येतो, वेळ चुकली तर गाय उलटते. मांजरीचं तसं नाही. दिवस मोठा व्हायला लागला की ती माजावर येते. आमच्याकडे संक्रांत गेली की पंधरा-वीस दिवसांत टिनांवर बोक्यांची ओरड सुरू होते ती पार पावसाळा संपेपर्यंत. बोका भेटला नाही तर आठवडाभरात माज ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांनी परत येतो. बोका भेटला तर बहुतेक वेळा गाभण राहतेच, कारण मांजरीचं बीज बोका लागल्यावरच सुटतं. वेळ चुकायचा प्रश्नच नाही. गाभणपण ६३ ते ६५ दिवसांचं. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. भुरीची ७ वेतं ३ वर्षांत कशी झाली ते आता कळेल.

पहिला माज साधारण पाच-सहा महिन्यांच्या वयात येतो, कधी चौथ्या महिन्यातही. म्हणजे ज्या पिल्लाला आपण अजून पिल्लूच म्हणतो, ते गाभण होऊन बसतं. माजावरची मांजर जमिनीवर लोळते, मागचा भाग वर करते, रात्रभर रडल्यासारखी ओरडते. आमच्या शेजारी पोट दुखते समजून तिला ओव्याचं पाणी पाजत होते. तिला दुखत नसतं.

रांगेतल्या शंका

पहिली शंका नेहमी उंदरांची. "ऑपरेशन केलेली मांजर उंदीर धरत नाई." ही शंका आमच्या धंद्याचीच असल्यामुळे मी तीन वर्षं नीट बघून सांगते: धरते. शिकारीचा आणि माजाचा संबंध नाही. चिंगी, म्हणजे भुरीची शेवटची लेक, पाच महिने उलटून गेल्यावर ऑपरेशन झालेली. सकाळी शटर उघडलं की पोत्यांच्या मागून उंदीर तोंडात धरून येते आणि माझ्या पायाशी ठेवते. उलट माजाच्या दिवसांत भुरी आठ-आठ दिवस चक्कीत फिरकायची नाही.

दुसरी शंका पापाची, आणि ती मी हलकी समजत नाही. "काहून व सूनबाई, मुक्या जीवाची कूस बंद करून राह्यली? पाप लागते," असं वरच्या आळीतल्या एक आजी म्हणाल्या होत्या. माझ्या सासूबाईही तेच म्हणायच्या. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याची मांजर दान करावी लागते, हे आपण सगळेच ऐकत मोठे झालो. पण तेच लोक पिल्लं पोत्यात घालून शेताच्या धुऱ्यावर सोडून येतात, आणि त्याला पाप म्हणत नाहीत. ती पिल्लं उपाशी मरतात. असं जनावर टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे. सासूबाईंना मी काही समजावलं नाही. पट्ट्यातलं पिल्लू त्यांनीच पदरात घेऊन परसात पुरलं होतं. त्यानंतर भुरीला दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी विरोध केला नाही, उलट क्रेटमध्ये घालायला स्वतःचं जुनं लुगडं फाडून दिलं.

आणि बैलांचं काय? गोऱ्हा खच्ची करताना आपण कधी अडखळलो नाही. बोकड खच्ची करतो. इथे एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा: बैलाला वापरतात तो चिमटा मांजराला कधी लावू द्यायचा नाही. बोक्याचं ऑपरेशन भूल देऊन, छेद घेऊन, आतलं काढून करायचं असतं.

तिसरी, "एक वेत तरी होऊ द्या, त्याशिवाय तिची तब्येत बनत नाही." याला काही आधार नाही, खरं तर उलट आहे. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरीत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ९१ टक्क्यांनी कमी दिसली आहे, वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी. पुढे जितका उशीर तितका हा फायदा आटत जातो. मांजरीच्या आचळातली गाठ बहुतेक वेळा वाईटच निघते, म्हणून या आकड्यांना महत्त्व आहे. शिवाय गर्भाशयात पू होण्याचा आजार, ज्यात मांजर चार-आठ दिवसांत हातची जाते, तो गर्भाशयच काढल्यावर होत नाही.

वजन वाढते, हे मात्र खरं आहे. माज गेला की फिरणं आणि भूक यांचा मेळ बिघडतो. आपण वाटी आवरायची. पहिल्यापेक्षा पाव हिस्सा कमी, एवढं पुरतं.

आणि गोळी-इंजेक्शनचा सोपा मार्ग कुणी सुचवला तर नको म्हणा. माज थांबवणाऱ्या औषधांनी गर्भाशयात पू होणं, आचळांत गाठी येणं, साखर वाढणं हे धोके असतात. एका घरी सुनेच्या पाळणा लांबवायच्या गोळ्या मांजरीला देत होते. तसं अजिबात करू नका.

मादी की बोका

घरात दोन्ही असतील आणि पैसे एकाचेच असतील तर मादीचं आधी करा. गावातला आपला एक बोका खच्ची केला म्हणून पिल्लं थांबत नाहीत, दुसरे दहा बोके आहेत. मादीचं केलं की तिची पिल्लं नक्की थांबली.

पण बोक्याचं करायचंच नाही, असंही नाही. आमच्या काळूनं नऊ महिन्यांचा झाल्यावर शेपूट ताठ करून पोत्यांवर मुताची पिचकारी मारायला सुरुवात केली. बोक्याच्या मुताचा वास धुतल्यानं जात नाही. एका गिऱ्हाइकाचे पंधरा किलो गहू मला भरून द्यावे लागले. शिवाय तो रात्र-रात्र बाहेर राहायचा, भांडून यायचा. एकदा गालावर चाव्याची गाठ आली, ती फुटून वाटीभर पू निघाला. बोक्यांच्या अशा चाव्यांतून प्रतिकारशक्ती घालवणारा विषाणूही पसरतो. काळूचं ऑपरेशन केलं आणि दीड महिन्यात पिचकाऱ्या थांबल्या. दहातल्या नऊ बोक्यांत थांबतात. सवय जुनी झालेली असेल तर जास्त वेळ लागतो, म्हणून पिचकारी सुरू व्हायच्या आधीच केलेलं बरं. बोक्याचं ऑपरेशन लहान असतं, बहुधा टाकेही लागत नाहीत. ऑपरेशननंतरही महिना-दीड महिना त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात, तेवढे दिवस घरातल्या मादीपासून लांब ठेवा.

पिल्लू नर की मादी हे कळत नसेल तर शेपूट उचलून बघा. दोन छिद्रं जवळजवळ आणि खालचं उभ्या फटीसारखं असेल तर मादी, दोन्हींत बोटभर अंतर आणि खालचं गोल असेल तर नर. काळा, पांढरा आणि पिवळा असे तिन्ही रंग अंगावर असतील तर जवळजवळ नेहमीच मादी.

डॉक्टर कसा निवडावा

खेड्यातली खरी अडचण ही आहे. आपले सरकारी दवाखाने गाई-म्हशी-शेळ्यांसाठी बसवलेले आहेत. प्रत्येक दवाखान्यात पदवीधर पशुवैद्यक असतातच असं नाही, काही ठिकाणी पदविका घेतलेले पशुधन पर्यवेक्षक असतात. मांजरीचं पोट उघडायचं काम पदवीधर डॉक्टरचंच. तालुक्याच्या दवाखान्यात आधी विचारा, होत नसेल तर ते कुठे होतं हे त्यांनाच माहीत असतं. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक महाविद्यालय आहे, अकोल्याला पदव्युत्तर संस्था आहे. दोन्हीकडे जनावरं तपासतात. १९६२ हा सरकारचा टोल फ्री नंबर आहे, त्यावरही विचारता येतं.

पहिल्यांदा मी चुकीच्या जागी गेले होते. एका गावी एक जण म्हणाला, "आणा, दहा मिनिटांचं काम आहे." ओसरीवर बाज टाकलेली, त्यावर पोतं. मी विचारलं, वजन करायचं नाही का? तो म्हणाला, अंदाज येतो. मी भुरीला तशीच परत घेऊन आले. भुलेचं औषध वजनावर मोजून द्यायचं असतं. म्हशीच्या अंदाजात पाव-अर्ध्या किलोची चूक म्हणजे काहीच नाही, दोन किलोच्या जिवात ती मोठी असते.

तेव्हापासून मी घरूनच वजन करून नेते. आपल्याकडे काटा आहेच. कापडी पिशवीत मांजर, डोकं बाहेर, पिशवी काट्यावर, मग रिकाम्या पिशवीचं वजन वजा. चिंगी २ किलो २०० ग्रॅम भरली. गावातल्या बायका आता पिल्लं घेऊन काट्यावर येतात. साधारण चार महिने पूर्ण आणि दोन किलो वजन झालं की मी डॉक्टरांकडे जा म्हणते.

डॉक्टरांना चार गोष्टी विचारायला लाजू नका. मांजरींची अशी ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? भूल कोणती देता? दुखण्यावर काय देता? आणि ती शुद्धीवर येईपर्यंत कुठे ठेवता? ज्या डॉक्टरांकडे मी शेवटी गेले त्यांनी न चिडता सगळं सांगितलं, स्वतःच वजन परत केलं, हिरड्या बघितल्या, छातीला नळी लावली, भुरीची आचळं एकेक करून चाचपली. चिंगीच्या वेळी औषधं धरून साडेतीन हजार खर्च आला. कापसाच्या पैशात तो सहज निघत नाही, मला कळतं. मी चक्कीच्या गल्ल्यातून दर बाजाराच्या दिवशी शंभर रुपये बाजूला टाकत गेले.

लसीचंही तिथेच विचारा. तीन महिन्यांनंतर पिसाळण्याची लस देता येते, आणि मांजरांच्या हगवण-सर्दीची वेगळी लस मिळते. ऑपरेशनच्या आधी लस झालेली असली तर दवाखान्यातून आजार घरी येण्याची भीती कमी होते.

कधी थांबावं: मांजरीला सर्दी, जुलाब, ताप असेल तर. ती माजावर असेल तर, कारण त्या दिवसांत गर्भाशयाच्या शिरा भरलेल्या असतात, रक्त जास्त जातं. डॉक्टर बहुधा माज ओसरल्यावर या म्हणतात. ती पाजत असेल तर पिल्लं दोन महिन्यांची होऊन दूध आटेपर्यंत थांबा, पण तोवर तिला घरात कोंडा, नाहीतर तेवढ्यातच ती पुन्हा गाभण होते. गाभण मांजरीचंही ऑपरेशन करता येतं. मी ते केलं नाही आणि मला ते जड गेलं असतं, पण ज्यांनी लवकरच्या दिवसांत डॉक्टरांशी बोलून केलं त्यांना मी नावं ठेवणार नाही.

महिना कोणता

हे मी चुकून शिकले. भुरीचं ऑपरेशन मी श्रावणात केलं. चार दिवस ती आतल्या खोलीत नीट होती. पाचव्या दिवशी गव्हाची पोती उतरवायला दार उघडं राहिलं आणि ती निसटली. बाहेर झड लागलेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली ती गुरांच्या कोठ्यातून, पोटाला शेण लागलेलं. मी ओल्या फडक्यानं पुसलं, टाका एक कमी दिसला, तरी उद्या बघू म्हणून सोडलं. दोन दिवसांनी खोलीत शिरले तर सडका वास. बॅटरी घेऊन जवळून बघितलं. टाक्याच्या कडेला तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी हललं, आत गेलं, परत वर आलं. किडे पडले होते. माझ्या हातातून बॅटरी पडली.

डॉक्टरांनी पुन्हा भूल देऊन जखम साफ केली, एकेक किडा चिमट्यानं काढला, नव्यानं टाके घातले. भुरी वाचली, पण महिनाभर तिनं मला हात लावू दिला नाही. ती चूक डॉक्टरांची नव्हती, माझी होती. उद्या बघू म्हटलं, ती चूक.

म्हणून चिंगीचं मार्गशीर्षात केलं. आपल्याकडे दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस चांगले. माशा कमी असतात, नवतपातल्या उन्हासारखी आग नसते, आणि माजाचा जोर सुरू व्हायच्या आधी किंवा सुरुवातीलाच काम होऊन जातं. कापूस वेचणीच्या ऐन भरात करू नका. घराला कुलूप लावून सगळे शेतात, मग मांजरीकडे बघणार कोण?

पण वैशाखातलं पिल्लू भादव्यात चार महिन्यांचं होतं, त्याला मार्गशीर्षापर्यंत थांबवलं तर कदाचित ते आधीच गाभण राहील. अशा वेळी मी पावसाळ्यातही करा म्हणते, एका अटीवर: खिडकीला जाळी असलेली खोली हवी, आणि बारा दिवस त्या खोलीचं दार उघडं राहणार नाही याची घरातल्या प्रत्येकाला ताकीद हवी. अशी खोली नसेल तर तोवर पिल्लू बाहेर सोडू नका आणि हिवाळ्याची वाट बघा.

आदली रात्र

पोट रिकामं हवं, कारण भुलेच्या काही औषधांनी मांजर हमखास ओकते आणि ओकारी श्वासनळीत गेली तर जीव जातो. मोठ्या मांजरीला रात्री आठनंतर खायला नाही, पाणी सकाळपर्यंत चालतं. चार-पाच महिन्यांच्या पिल्लाला इतका वेळ उपाशी ठेवू नये, त्याची साखर उतरते. किती तास ते डॉक्टरांनाच विचारा. आमच्या चक्कीवर आणखी एक काळजी: तुम्ही वाटी उचलली तरी मांजर रात्री उंदीर खाऊन पोट भरते. चिंगीला मी रात्रभर न्हाणीत कोंडलं.

नेण्यासाठी संत्र्याचे दोन प्लास्टिकचे क्रेट चांगले. एकात कापड अंथरायचं, मांजर ठेवायची, दुसरा क्रेट उपडा झाकायचा आणि चारही बाजूंनी सुतळीनं बांधायचं. वरून ओढणी टाकली की अंधारात ती शांत बसते. पोत्यात घालून नेऊ नका, काळीपिवळी जीपमध्ये घुसमटते. पकडताना चावली किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्यात १५ मिनिटं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दाखवा. घरचीच आहे म्हणून सोडू नका.

नंतरचे बारा दिवस

घरी आणल्यावर मांजरीचे डोळे उघडे असतात पण ती शुद्धीवर नसते. झोकांड्या खाते, भिंतीवर आपटते. जमिनीवर अंथरूण करा. बाज, कोठी, पोती अशा कशावरही चढू देऊ नका. अंग गार पडतं, म्हणून गोधडीत ठेवा. चुलीजवळ नको, तिला सरकता येत नाही. स्वतःच्या पायांवर नीट चालायला लागेपर्यंत तोंडात दूध-पाणी घालू नका. मग थोडं पाणी, थोडं खाणं.

सकाळ-संध्याकाळ जखम बघा, उजेडात, नाक जवळ नेऊन. पहिले दोन दिवस कडा थोड्या लाल दिसतात, तेवढं चालतं. सूज वाढत असेल, पाणी किंवा पू येत असेल, टाका सुटला असेल, वास येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. हिरड्या पांढऱ्या फटक पडल्या, किंवा चोवीस तास उलटूनही ती खात नसेल, निपचित पडून असेल, तर रात्रीसुद्धा फोन करा. हिरड्या पांढऱ्या म्हणजे आत रक्त जात असण्याची शक्यता.

जखमेवर हळद, राख, खोबरेल, रॉकेल काही लावायचं नाही. ती चाटते आणि सगळं पोटात जातं. त्या खोलीत फिनाईलनं पुसायचं नाही, मांजरांना ते विषासारखं आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: दुखत असेल म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल देऊ नका. क्रोसिन म्हणा, काहीही म्हणा, माणसाची तापाची एक गोळी मांजरीचा जीव घ्यायला पुरते. तिच्या शरीराला ते औषध पचवताच येत नाही. डॉक्टरांनी मोजून दिलेलं दुखण्याचं औषध तेवढंच द्यायचं.

चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर मिळते. चिंगीनं ती रात्रीत काढून टाकली. मग मी मुलाच्या जुन्या टी-शर्टची बाही कापली, पुढच्या पायांसाठी दोन भोकं पाडली आणि तिला घातली. तासभर ती एका जागी आडवी पडून राहिली, जशी काही चालणंच विसरली, मग उठली. बाही रोज बदलायची, मागून ओली होते.

हगण्या-मुतण्यासाठी घमेल्यात वाळू ठेवतात तशी या दिवसांत ठेवू नका, विशेषतः बोक्याच्या उघड्या जखमेत वाळूचे कण जातात. वर्तमानपत्राचे तुकडे फाडून टाका.

टाके विरघळणारे नसतील तर दहाव्या ते चौदाव्या दिवशी काढायला न्यावं लागतं. कोणते घातलेत ते घरी निघायच्या आधीच विचारून घ्या. भादरलेल्या जागी केस यायला दीड-दोन महिने लागतात, काळजी करू नका.

चिंगीची रेघ आता दिसत नाही, बोटानं चाचपली तर लागते. दुपारी गर्दी ओसरली की ती मोटरच्या कोमट झाकणावर पाय पोटाशी घेऊन झोपते, मिशांवर पीठ. वहीच्या त्या पानावर तिची ओळ आहे: २ किलो २०० ग्रॅम, मार्गशीर्ष. त्याखाली परवा काट्यावर आलेल्या एका पिल्लाचं वजन लिहिलंय, १ किलो ४००. त्याच्या घरच्यांना मी पुढच्या महिन्यात परत या म्हणून सांगितलं आहे, आणि तोवर संध्याकाळनंतर त्याला बाहेर सोडू नका म्हणूनही.